माइकसमोरचा जिभेचा रोजा

कोल्हापुरात काही माणसांचा चेहरा कोणाला माहीत नसतो, आवाज मात्र घराघरात माहीत असतो. किराणा दुकानात उभे राहून त्यांनी अर्धा किलो साखर मागितली, की दुकानदार काटा सोडून मान वर करतो. 'रेडिओवर तुम्हीच ना?' हा प्रश्न ठरलेला. उत्तरादाखल एक हसू, की झाले. ओळख तेवढीच, पण तेवढ्या ओळखीवर ही माणसे वर्षानुवर्षे एका कामाला चिकटून आहेत.

हे काम म्हणजे स्थानिक रेडिओचे निवेदन. इथे सांगितलेला आठवडा कोणा एका माणसाचा नाही. आकाशवाणी केंद्रावर उद्घोषक म्हणून बसणारे, खासगी एफएमवर सकाळ जागवणारे, कुस्तीच्या मैदानात आणि फुटबॉलच्या सामन्यात माइक हातात घेणारे, अशा अनेकांचा मिळून तो आहे. त्यांच्यात गणपतीच्या आरतीला टाळ वाजवणारे आहेत, रविवारी चर्चला जाणारे आहेत आणि सध्या रमजानचे रोजे धरणारेही आहेत. सगळ्यांत समान गोष्ट एकच, ती म्हणजे खेळाचे वेड.

महिन्यात सहा पाळ्या

बाहेरच्यांना वाटते, रेडिओवर बोलतो म्हणजे सरकारी नोकरी असणार. वस्तुस्थिती निराळी आहे. आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रांचा मोठा भार नैमित्तिक उद्घोषकांवर असतो आणि अशा उद्घोषकाला महिन्यात जास्तीत जास्त सहा पाळ्या देण्याचा नियम आहे. म्हणजे आठवड्याला एक, फार तर दोन. पगार नाही, पाळीप्रमाणे मानधन. आवाजाची चाचणी, लेखी परीक्षा, प्रशिक्षण हे सगळे पार करून आलेल्या माणसाची ही कमाई.

मग उरलेले दिवस? कोणी शिकवण्या घेते, कोणी बँकेच्या वसुलीच्या कामावर जाते, कोणी दुकान चालवते. कोणी जाहिरातींना आवाज देते. निवडणुकीच्या काळात रिक्षावर लावायच्या ध्वनिफिती कराव्या लागतात. लग्नाच्या स्वागत समारंभापासून पतसंस्थेच्या वार्षिक सभेपर्यंत सूत्रसंचालनाची निमंत्रणे येतात. आणि हंगाम असेल तेव्हा मैदान बोलावते. पैसा या सगळ्यातून थोडा थोडा येतो. पण 'तुम्ही कोण?' असे विचारले, तर उत्तर 'निवेदक' असेच येते. महिन्यातल्या सहा पाळ्यांनी बाकीच्या चोवीस दिवसांची ओळख ठरवून टाकलेली असते.

सोमवारची पहाट

पहिल्या सभेची पाळी म्हणजे सकाळी सहाच्या आत स्टुडिओत हजर. रमजानमध्ये रोजेदार निवेदकाला ही पाळी सोयीची पडते. घर सहेरसाठी, म्हणजे पहाटेच्या जेवणासाठी, जागेच असते. सहेर उरकली की स्कूटर बाहेर काढायची. संध्याकाळची पाळी मात्र अडचणीची, कारण इफ्तारची वेळ नेमकी प्रसारणात सापडते. तेव्हा सहकाऱ्याशी अदलाबदल होते. 'या महिन्यात संध्याकाळ मी बघतो, दिवाळीत पहाट तू बघ.' या कराराला कागद लागत नाही.

स्टुडिओत शिरल्यावर आधी क्यू शीट पाहायची. कोणत्या मिनिटाला काय जाणार हे त्यावर लिहिलेले असते. मग ध्वनिमुद्रणे त्याच क्रमाने लावली आहेत की नाही ते तपासायचे, घड्याळ पाहायचे, फेडरवर बोट ठेवायचे. लाल दिवा लागतो आणि आकाशवाणीची संकेतधून सुरू होते. ती वॉल्टर कॉफमन यांची रचना मानली जाते. युरोपात ज्यूंवर संकट येऊ लागले तेव्हा प्राग सोडून मुंबईला आलेला हा संगीतकार. त्याच्या धुनेनंतर वंदे मातरम्. नंतर मंगलध्वनी, म्हणजे बहुधा सनई, आणि ती कितीदा तरी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची असते. या देशाची सकाळ कोणाकोणाच्या हातून उजाडते, हे रेडिओवर वेगळे सांगावे लागत नाही. ते रोज ऐकू येते.

पुढचे दोन-तीन तास म्हणजे सतत छोटे छोटे बोलणे. गाण्याचे नाव, गायकाचे नाव, वेळ, हवामान, पाणीपुरवठा कुठे बंद आहे, बाजार समितीत गुळाला काय भाव निघाला. पुण्याहून येणाऱ्या प्रादेशिक बातम्यांच्या वेळी स्थानिक माइक बंद करून तिकडची ओळ जोडायची. एक सेकंद उशीर झाला तरी बातमीचा पहिला शब्द कापला जातो. एक सेकंद आधी जोडली, तर हवेत शांतता जाते. रेडिओवर शांततेइतके लांब काहीच वाटत नाही.

रोजेदाराची खरी कसोटी इथे लागते. निवेदकाच्या हाताशी एरवी कोमट पाण्याचा पेला असतो. तो नसेल तर तोंड कोरडे पडते, आणि कोरड्या तोंडाचा बारीक चटचट आवाज माइक लगेच पकडतो. अनुभवी माणसे त्यावर आपापले उपाय काढतात. सहेरला खारट आणि तिखट टाळायचे, चहा कमी करायचा, दही किंवा केळे खायचे. माइकपासून बोटभर मागे सरकायचे. दोन वाक्यांच्या मध्ये श्वास नाकाने घ्यायचा. मुख्य म्हणजे लागेल तेवढेच बोलायचे. अकरा महिने पाण्याच्या घोटांवर चालणारी बडबड या महिन्यात आपोआप गाळली जाते, आणि गाळल्यावर जे उरते तेच श्रोत्याला हवे होते, असे बऱ्याचदा लक्षात येते.

मंगळवार-बुधवार: नावांचा अभ्यास

आठवड्याच्या मधले दिवस अभ्यासाचे. श्रोत्याला तो अभ्यास दिसत नाही.

फोन-इन कार्यक्रमात राधानगरीहून फोन येतो, शिरोळहून येतो, गडहिंग्लजहून येतो. बोलणाऱ्याचे नाव आणि गाव नीट उच्चारले गेले तर तो माणूस पुढचा महिनाभर त्या केंद्राचा असतो. चुकले तर रेडिओ त्याच्यासाठी परका होतो. म्हणून निवेदकाच्या वहीत नावे असतात. आडनावाचा उच्चार, गावाचा उच्चार, तालमीचे पूर्ण नाव. शालेय स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलीचे नाव, तिच्या शाळेचे नाव, तिच्या प्रशिक्षकाचे नाव.

खेळाचे वेड इथे कामाला येते. कोल्हापूर जिल्ह्याच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा देशभर त्याचे नाव झाले. त्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिच येथे याच खेळात, ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात, जागतिक अजिंक्यपद मिळवले होते. अशी नावे जगाला कळतात ती पदकानंतर. स्थानिक निवेदकाचे काम पदकाच्या आधीचे. मूल जिल्हा स्पर्धेत धावते, तालुक्याच्या आखाड्यात उतरते, पेठेच्या संघात राखीव खेळाडू म्हणून बसते, तेव्हा त्याचे नाव मोठ्याने घेणारा एक तरी आवाज गावात हवा असतो. ज्या मुलाचे नाव रेडिओवर येते त्याची आई ते ऐकते, त्याचे वस्ताद ऐकतात, शेजारच्या गल्लीतला प्रतिस्पर्धीही ऐकतो. मूल पुढच्या आठवड्यात सरावाला वेळेवर येते.

पेठ, तालीम आणि पंजा

कोल्हापुरात खेळ म्हटला की तालीम आली. मूळच्या कुस्तीच्या या तालमी पुढे पेठेच्या सगळ्या कामांच्या जागा झाल्या. त्यांच्याच नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे इथे शाळकरी पोराला पाठ असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या हंगामात शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतले अर्धे कट्टे ओस पडतात.

याच तालमींत मोहरममध्ये पंजांची प्रतिष्ठापना होते आणि भाद्रपदात गणपती बसतो. काही वर्षांपूर्वी दोन्ही एकाच वेळी आले तेव्हा अनेक तालमींत पंजा आणि गणपती शेजारी शेजारी बसले होते. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावरचा गणपती तर शहरातल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. त्यामुळे इथे संघ धर्माचा नसतो, पेठेचा असतो. जर्सीच्या पाठीवर इम्रान असो वा संग्राम, गॅलरीतून एकच आरोळी उठते.

पण पेठेचे प्रेमही काही कमी कडवे नसते. गॅलरीतल्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागल्याचे या शहराने पाहिले आहे. दगड, बाटल्या, नंतर रात्री चौकात जमणारे घोळके. निवेदकही अखेर एका पेठेत जन्मलेला असतो. त्याच्या तालमीचा संघ तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. त्या संघाविरुद्ध पंचाने पेनल्टी दिली तर त्याच्याही पोटात गोळा येतो. मात्र त्याच्या हातात माइक आहे, आणि गॅलरीतल्या हजारोंच्या हातात नाही.

'पेनल्टी दिली' आणि 'पेनल्टी बहाल केली', या दोन वाक्यांत किती फरक आहे! दुसऱ्या वाक्यात पंचाबद्दलची शंका अलगद सरकवलेली आहे. 'खेळाडू पडला' आणि 'खेळाडूला पाडले' यांतही तसाच फरक. बोलणाऱ्याला तो कळत नाही, गॅलरीला लगेच कळतो. खेळाच्या निवेदकाला आयुष्यभर या एका गोष्टीवर काम करावे लागते. आपले प्रेम आवाजात यायला हवे, कारण प्रेमाशिवाय वर्णन मेलेले वाटते. पण ते प्रेम खेळावरचे असावे, संघावरचे नसावे.

गुरुवार: खासबागची माती

यात्रा-जत्रांचा हंगाम असला की आठवड्यातला एखादा दिवस कुस्ती मैदानासाठी जातो. गावोगावच्या मैदानांचे निवेदक आपापल्या परीने मोठे असले, तरी या कामातल्या माणसाचा जीव खासबागेत अडकलेला असतो. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. रोममधील जुने प्रेक्षागार पाहून त्यांनी आपल्या गावात तसे मैदान बांधायचे ठरवले, असे सांगतात. १९१२ मध्ये ते सुरू झाले. मधला हौदा खोलगट आणि भोवतीची बैठक चढत गेलेली, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. सुरुवातीच्या त्या कुस्त्यांत इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन हे मल्ल भिडले होते. ज्या राजाने १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहमेडन बोर्डिंग काढून मुस्लिम मुलांच्या शिक्षणाची सोय केली, त्याच राजाच्या हौद्यात देशभरातल्या पैलवानांना मान होता.

मैदानावर निवेदकाला हलगीच्या तालावर बोलावे लागते. जोड लागली, हातात हात पडले, खडाखडी सुरू झाली की शब्द कमी करायचे. पट काढला, घिस्सा मारला, ढाक लावली, ही नावे त्या क्षणी अचूक आली पाहिजेत. डाव संपल्यावर नाव सांगून उपयोग नाही. भोवती जुने वस्ताद बसलेले असतात, आणि डावाचे नाव चुकले तर तेच मान हलवतात.

सर्वांत अवघड वाक्य निकालानंतरचे असते. जिंकणाऱ्याला खांद्यावर उचललेले असते, त्याच्या अंगावर नोटा पडत असतात, त्याचे नाव घ्यायला निवेदकाची गरजच नसते. मातीत बसलेला दुसरा पैलवान पाठीवरची माती झटकत असतो. चांगला निवेदक त्या गडबडीत त्याचेही पूर्ण नाव घेतो, गाव घेतो, वस्तादांचे नाव घेतो आणि 'चांगली लढत दिली' म्हणतो. हरलेल्या पोराचे आईवडील गर्दीत कुठे तरी असतात. त्यांना घरी घेऊन जायला ते एक वाक्य पुरते.

शुक्रवार: जुने आवाज

दुपारच्या जुम्म्याच्या नमाजानंतर किंवा नमाज नसलेल्यांच्या नेहमीच्या चहानंतर, या मंडळींच्या गप्पांत जुने आवाज येतातच. मुंबईचे बॉबी तल्यारखान एकटे माइकसमोर बसून दिवसभराच्या क्रिकेटचे इंग्रजीतून वर्णन करीत आणि शेजारी दुसरा समालोचक त्यांना चालत नसे. त्या काळात मुंबईची मोठी स्पर्धा धर्मांच्या नावाने खेळली जाई. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून 'रेस्ट', म्हणजे उरलेले सगळे. पारशी असलेल्या तल्यारखानांनी त्या स्पर्धेचे वर्णनही केले आणि संघांच्या या वाटणीला लेखणीतून विरोधही केला.

त्याच स्पर्धेच्या १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात 'रेस्ट'च्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांनी काढल्या. हजारे सांगलीचे, धर्माने ख्रिश्चन. त्यांचा संघ डावाने हरला, पण ती खेळी कोण्या एका समाजाची राहिली नाही. अखेर १९४६ नंतर ती स्पर्धाच बंद झाली आणि हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले.

मराठीत बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी क्रिकेटला घरची भाषा दिली. षटक, पायचीत, यष्टिरक्षक, सीमापार हे शब्द आज कोणाला अवघड वाटत नाहीत, कारण ते आधी कानावर पडले आणि नंतर वाचण्यात आले. हॉकीसाठी जसदेव सिंग यांचे नाव घेताना आजही काहींचा हात कानाला जातो. राजस्थानात वाढलेला हा शीख माणूस हिंदी आणि उर्दूच्या गोड मिश्रणात बोलायचा. १५ मार्च १९७५ रोजी कुआलालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला तो अंतिम सामना देशाने त्यांच्या आवाजातून पाहिला. त्याआधीच्या उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध भारत मागे होता. राखीव खेळाडू अस्लम शेर खान मैदानात आला, गळ्यातल्या ताविजाचे त्याने चुंबन घेतले आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला. ज्यांनी तो सामना पाहिलाच नाही त्यांनाही तो ताविज डोळ्यांसमोर दिसतो. आवाजाची ताकद म्हणतात ती हीच.

या कामाचा पहिला धडा तर आणखी जुना आहे. जानेवारी १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये बीबीसीने इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचे थेट वर्णन केले, तेव्हा समालोचक टेडी वेकलम यांच्यासमोर एका अंध माणसाला बसवण्यात आले होते. सूचना एवढीच की याला समजेल असे सांगा. रेडिओचा प्रत्येक श्रोता त्या वेळेपुरता अंध असतो. चेंडू कुठे आहे, कोणाच्या पायात आहे, कोणत्या बाजूला चालला आहे, गोल किती झाले आणि किती मिनिटे उरली, हे त्याला पुन्हा पुन्हा हवे असते. अमेरिकेतले बेसबॉलचे समालोचक रेड बार्बर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ समोर ठेवत. वाळू संपली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटे करायचे. आपल्याकडचे निवेदक मनगटावरच्या घड्याळावर तेच करतात.

शनिवार-रविवार: मैदान आणि मावळता सूर्य

हिजरी वर्ष चंद्रावर चालते, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या आसपास, म्हणजे फुटबॉलच्या भर हंगामात येतो. दुपारी चारचा सामना, उन्हाने तापलेले मैदान, आणि संघात दोन-तीन रोजेदार पोरे. कोणी सामन्याच्या दिवशीही रोजा सोडत नाही, कोणी प्रशिक्षकाशी बोलून तो दिवस पुढे भरून काढायचे ठरवते. निर्णय ज्याचा त्याचा. चांगला निवेदक त्यावर काही बोलत नाही. एखादा खेळाडू उत्तरार्धात दमला तर 'रोजा असल्यामुळे दमला' असे म्हणायची गरज नसते, आणि त्याने गोल केला तर 'रोजा असूनही' अशी फोडणी द्यायचीही नसते. तो खेळाडू आहे, त्याचा क्रमांक आहे, त्याचे नाव आहे. तेवढे बस्स.

२६ एप्रिल २०२१ रोजी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर सिटी आणि क्रिस्टल पॅलेस यांचा सामना चालू असताना सूर्य मावळला. साधारण अर्ध्या तासाचा खेळ झाला होता. गोल किकच्या वेळी खेळ क्षणभर थांबला आणि लेस्टरचा वेस्ली फोफाना व पॅलेसचा चेखू कुयाते यांनी कडेला जाऊन पाण्याच्या घोटावर रोजा सोडला. गोल किक घ्यायची होती पॅलेसच्या गोलरक्षकाला, आणि आधी ठरल्याप्रमाणे तो थांबला. मग खेळ पुढे सुरू झाला. त्या थांब्याचे वर्णन करायला दोन वाक्ये पुरली असती. तिसरे वाक्य कदाचित जास्त झाले असते.

शाहू स्टेडियमवरचा सामना बहुधा सूर्यास्ताच्या आधी संपतो. मग मैदानाच्या कडेला कोणाच्या तरी पिशवीतून खजूर निघतात. दुसऱ्या संघाचा पोरगा पाण्याची बाटली पुढे करतो. निवेदक तोपर्यंत वायरी गुंडाळत असतो. त्याला आधी अजून एक काम असते, निकालाची चार ओळींची बातमी तयार करायचे. त्या चार ओळींत दोन्ही संघांना सारखी जागा मिळाली की नाही, हे तो बोटांनी मोजतो.

शब्द आवरण्याचे शिक्षण

रोजा म्हणजे केवळ अन्नपाणी वर्ज्य करणे नव्हे, हे मुस्लिम घरात लहान मुलालाही सांगितले जाते. डोळ्यांचा रोजा असतो, कानांचा असतो आणि सर्वांत अवघड तो जिभेचा. खोटे बोलायचे नाही, कोणाची निंदा करायची नाही, कोणी भांडायला आले तरी 'माझा रोजा आहे' म्हणून बाजूला व्हायचे. जैन घरांत मौन पाळले जाते, वारकऱ्यांच्या कीर्तनात वाणीच्या संयमावर निरूपण होते. गोष्ट एकच आहे.

खेळाच्या निवेदकाला हा रोजा बाराही महिने धरावा लागतो. कारण शब्द काय करू शकतो हे कोल्हापूरने जवळून पाहिले आहे. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या काही स्टेटसवरून शहर तापले, बाजारपेठ बंद पडली, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. दोन-चार ओळींनी एवढे घडले. त्या दिवसांत ज्यांच्या हातात माइक होता त्यांनी पाणी कधी येणार, कोणती बस सुरू आहे, बाजार कधी उघडणार हे नेहमीच्या आवाजात सांगणे, हेही एक काम होते. नेहमीचा आवाज ऐकू आला की माणसाला वाटते, शहर अजून जागेवर आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात थेट प्रक्षेपणाचे साधन आहे. पेठेचा एखादा उत्साही तरुण मोबाइल उभा करून सामना दाखवतो आणि सोबत बोलतो. त्याचे वेड खरे असते, मेहनतही खरी असते. पण तो फक्त आपल्या संघासाठी बोलतो, आणि ऐकणारेही त्याच संघाचे असतात. दुसऱ्या पेठेचा दुसरा मोबाइल असतो. एकच सामना दोन ठिकाणी दोन वेगळे सामने होऊन जातात. दोन्हीकडच्या माणसांनी एकाच आवाजातून एकच सामना ऐकण्याची जागा कमी होत चालली आहे. काही केंद्रांवर कार्यक्रम वरून जोडले जातात आणि स्थानिक निवेदकाच्या वाट्याचे तास आणखी आखडतात.

नियम मात्र आड येत नाहीत. खासगी एफएमला क्रिकेटच्या मोठ्या सामन्यांचे थेट वर्णन करता येत नाही, पण २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने स्थानिक स्वरूपाच्या खेळांच्या थेट वर्णनाला वाट मोकळी ठेवली आहे. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. त्याचा प्रक्षेपक छोटा, पोहोच काही किलोमीटरची. पण पेठेचा फुटबॉल, गावचे कुस्ती मैदान, आंतरशालेय कबड्डी यांना त्याहून मोठी पोहोच कशाला हवी? हवा असतो तो दोन्ही बाजूंची नावे सारख्या प्रेमाने घेणारा माणूस, आणि त्याला महिन्याचे घर चालवता येईल एवढे मानधन. पहिली गोष्ट या शहरात आहे. दुसरीसाठी केंद्रे, तालमी, स्पर्धा भरवणारे आणि जाहिरात देणारे व्यापारी यांनी एकत्र बसायला हवे. स्पर्धेच्या बक्षिसासाठी पैसा उभा राहतो, मंडपासाठी राहतो, डॉल्बीसाठीही राहतो. त्यातला छोटा वाटा आवाजासाठी काढला तर कोणाचे काही अडणार नाही.

रविवारी रात्री तरावीहची नमाज आटोपून एक निवेदक घरी येतो, दुसरा जेवण उरकून अंगणात शतपावली करतो, तिसरी मुलांचे दप्तर भरून देते. तिघांच्याही मोबाइलवर पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा तक्ता आलेला असतो. कोणाचे नाव एकदा आहे, कोणाचे दोनदा, कोणाचे यंदा नाहीच. तिघेही तो पाहतात आणि मग वही उघडतात. पुढच्या शनिवारी कोणत्या दोन पेठा भिडणार आहेत, हे त्यांना पाठ असते. दोन्ही संघांत या वर्षी नवी पोरे आली आहेत. त्यांच्या नावांचे उच्चार नीट विचारून घ्यायचे आहेत.